घरचं दमदमीत जेवण आणि बाहेरचं साधं खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीतले लोक मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, कधी फोनवर, कधी पातेल्यात डाव फिरवत असताना फोटो पाठवून की "हे असं का झालं रे", म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकलंय. मी काही शेफ नाही. रोज घरी शिजवणारा आणि आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर साध्याशा ठिकाणी जेवणारा माणूस आहे, त्यामुळे उत्तरं पण त्याच लेव्हलची आहेत.

कम्फर्ट फूड म्हणजे नेमकं काय? जड आणि तेलकट असलं की झालं का?

नाही हो. माझ्या मते साधी खूण अशी की ते चमच्याने खाता येतं, चावायला फार कष्ट नाहीत, आणि वाटी धरली की तळहात गरम होतात. सूप, स्ट्यू, मऊ भात, रश्श्यात शिजलेले बटाटे, चीजवाला पास्ता, दाटसर डाळ किंवा बीन्स, सगळं याच खानदानातलं. कोणाला काय खाल्लं की बरं वाटेल हे ज्याच्या त्याच्या लहानपणावर असतं. वासाचा मेंदूतला रस्ता आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी शेजारून जातो, म्हणून फोडणीचा किंवा ब्रेड भाजल्याचा वास आला की वीस वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर डोळ्यापुढे उभं राहतं.

आणि गंमत म्हणजे "रेस्टॉरंट" हा शब्द सुद्धा मुळात याच खाण्यासाठीचा आहे. १८व्या शतकात पॅरिसमध्ये थकल्याभागल्या माणसाला ताकद यावी म्हणून जे सूप द्यायचे त्याला हे नाव होतं, मग ते सूप मिळण्याच्या जागेला तेच नाव चिकटलं. म्हणजे आधी वाटी आली, मागाहून टेबल-खुर्च्या आल्या.

घरी काय करावं आणि बाहेर काय खावं, याचा काही हिशोब आहे का?

आहे, आणि या पानावरचं बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा. घरी तुमच्याकडे वेळ असतो, त्यांच्याकडे आच असते. घरच्या साध्या गॅसचा बर्नर असतो दोन-तीन किलोवॅटचा, हॉटेलातल्या वोकखाली जो धडधडत असतो तो सहज त्याच्या दहापट. त्यामुळे झटक्यात परतलेले नूडल्स, कुरकुरीत तळलेलं काहीही, भट्टीतला पातळ पिझ्झा, हे बाहेर खावं, घरी कितीही जीव ओतला तरी ती मजा येत नाही आणि वर किचनभर तेलाचा वास आठवडाभर. उलट तीन तास मंद आचेवर मुरणारा स्ट्यू साध्या हॉटेलात मागवला तर तो बहुतेक सकाळीच करून ठेवलेला असतो आणि तुमच्यापुढे फक्त गरम होऊन येतो. त्यात वाईट काही नाही, पण तो तुम्ही घरी नक्की जास्त चांगला करू शकता.

मी स्वतः बाहेर गेलो की जे घरी बरं जमतं ते मागवत नाही. मागवलं की जेवणभर मनात तुलना चालू राहते आणि बरोबरचे लोक वैतागतात.

माझा रस्सा / स्ट्यू पाणचट लागतो. मसाले तर सगळे घातले होते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मसाल्याचा दोष नसतो, दहातल्या आठ वेळा सुरुवातीला घाई झालेली असते.

चव रंगात असते. कांदा, मांस, मश्रूम, काहीही असो, त्याचा पृष्ठभाग तांबूस खरपूस झाला की त्यात शेकडो नवे वास तयार होतात. लुई कामिय मायार नावाच्या फ्रेंच केमिस्टने १९१२ मध्ये या रिअ‍ॅक्शनबद्दल लिहिलं म्हणून तिला मायार रिअ‍ॅक्शन म्हणतात. ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जोरात चालते आणि गोची तिथेच आहे, कारण पातेल्यात पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर जातच नाही. ओलं मांस टाकलं, एकदम भरपूर टाकलं, कढईत गर्दी झाली, की ते भाजलं जात नाही तर स्वतःच्याच पाण्यात उकडतं आणि राखाडी होतं. म्हणून पुसून कोरडं करा, थोडं थोडं टाका, आणि टाकल्यावर कालथा बाजूला ठेवा. दर पाच सेकंदांनी हलवणारे हात म्हणजे खरपूसपणाचे शत्रू.

कांद्याचं तर ऐकूनच कळतं. सुरुवातीला आवाज ओलसर असतो, फसफस फसफस, वाफ येत असते, कांदा पारदर्शक होत असतो. मग कधीतरी पाणी आटतं आणि आवाज बदलतो, बारीक चुरचुर सुरू होते, वास पण कच्च्याचा गोडसर होतो. ती चुरचुर ऐकू आली की समजायचं आता कुठे खरा रंग यायला लागणार, आणि बरेच लोक नेमके याच क्षणी "झाला कांदा" म्हणून टोमॅटो ओततात! टोमॅटो पडला की परत पाणी, परत १०० अंश, रंगाचं काम बंद. रेसिपीत कांदा पाच मिनिटांत ब्राऊन होतो असं लिहिलेलं असतं ते खोटं आहे, छान गडद व्हायला मंद आचेवर पाऊण तास सुद्धा लागतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर लवकर होतो, पण कांद्याचा लगदा होतो, ग्रेव्हीला चालेल, वरून घालायचा असेल तर नको.

आणि तळाला जे तपकिरी चिकटतं ते घासायच्या भांड्यात घालवू नका. अर्धी वाटी पाणी ओता, लाकडी चमच्याने खरवडा, ते सगळं रश्श्यात जाऊ द्या. चवीचा अर्क तोच आहे.

मांस दोन तास शिजवलं तरी रबरासारखं. अजून शिजवू की जास्त झालं?

कुठला भाग घेतलाय त्यावर आहे. खांदा, मांडी, नळी, शेपटी असा कष्टाचा, शिरांचा भाग असेल तर अजून शिजवा, बिनधास्त. त्यातलं कोलॅजन (शिरांना चिवट ठेवणारं प्रोटीन) साधारण ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि त्याला तासन्‌तास लागतात, मधल्या टप्प्यावर ते खरंच रबर लागतं, घाबरून गॅस बंद करणारे लोक नेमके त्या टप्प्यावर बंद करतात. काट्याने टोचून किंचित पिळलं की धागे सुटले पाहिजेत, ही खूण, घड्याळ नाही.

पण छातीचा, बिनचरबीचा कोवळा भाग असेल तर तो आधीच जास्त झालाय, आता काही उपाय नाही, बारीक तोडून सॉसमध्ये घाला आणि पुढच्या वेळी दुसरा तुकडा आणा. स्ट्यूला महागातला भाग लागतच नाही, हीच त्याची मजा आहे.

रस्सा रटरटू देऊ नका मात्र. एखाद-दुसरा बुडबुडा आळसावून वर यावा इतपतच.

प्रेशर कुकर वापरला तर चव कमी होते का?

नाही. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंशांना उकळतं म्हणून काम पटकन होतं, एवढंच. ही कल्पना तशी जुनी आहे, दनी पापँ नावाच्या माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असलं झाकणबंद भांडं दाखवलं होतं आणि हाडं सुद्धा मऊ करून दाखवली होती. चवीत फरक पडतो तो एकाच कारणाने, कुकरमधून पाणी फारसं बाहेर जात नाही म्हणून रस्सा आटत नाही, आळत नाही. तेव्हा पाणी आधीच कमी घाला, आणि झाकण उघडल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसंच उघडं उकळू द्या. आणि भाजणं कुकर लावायच्या आधी, नंतर ते होत नाही.

मी वीकडेला कुकर वापरतो, रविवारी जाड बुडाचं पातेलं. रविवारी घरभर वास पाहिजे असतो, तो कुकर देत नाही.

आम्ही शाकाहारी. तो भरीवपणा कुठून आणायचा?

त्या भरीवपणाचं नाव उमामी. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या स्टॉकमधून, म्हणजे ते उकळून काढलेल्या पाण्यातून, ग्लुटामेट नावाचं द्रव्य वेगळं काढलं आणि ही चव गोड-आंबट-खारट-कडू यांच्याहून निराळी आहे असं मांडलं. मांसच लागतं असं काही नाही. पिकलेला टोमॅटो, सुकवलेले मश्रूम, सोया सॉस, मुरलेलं चीज, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, सगळ्यात आहे. माझी सवय अशी की टोमॅटो पेस्ट तेलात दोन-तीन मिनिटं विटकरी होईस्तोवर परतायची, सुके मश्रूम कोमट पाण्यात भिजवून ते पाणी (खालची माती सोडून) रश्श्यात, आणि शेवटी अर्धा चमचा सोया सॉस, कोणाला कळत पण नाही की सोया सॉस आहे.

ताज्या मश्रूमला पाणी फार सुटतं. आधी तेल न घालता कोरड्या तव्यावर टाका, पाणी सोडू द्या, आटू द्या, मग तेल. एवढ्याने मश्रूमबद्दलचं मत बदलतं लोकांचं.

बीन्स तासभर शिजल्या तरी टणक?

तीन कारणं. एक, जुन्या असतील, वर्षानुवर्षं डब्यात पडलेल्या बीन्स शिजायला फार छळतात. दोन, टोमॅटो किंवा लिंबू लवकर घातलं असेल, आंबट पदार्थाने सालं आवळून बसतात, तेव्हा आंबट नेहमी मऊ झाल्यावर. तीन, पाणी जड. भिजवताना पाण्यात मीठ घातलं तर फायदाच होतो, मिठाने बीन्स शिजत नाहीत ही समजूत उगाच पसरलीये.

आणि राजम्याबद्दल थोडं गंभीरपणे सांगतो. कच्च्या लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं, नवीन पाण्यात चांगला खळाखळा उकळायचा, दहा मिनिटं तर हवीतच, अर्धा तास उकळला तर अजून निश्चिंत. मगच मंद आच. भिजवून थेट स्लो कुकरमध्ये टाकायचा नाही, कारण तिथे तापमान पुरेसं वर जात नाही आणि अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्यापेक्षा सुद्धा जास्त त्रास देऊ शकतो. डब्यातला शिजवलेला राजमा वापरत असाल तर हे सगळं विसरा.

मीठ जास्त पडलं. बटाटा टाकू का?

टाका, खायला चांगला लागतो. मीठ काही तो ओढून घेत नाही, खारट पाणी पितो फक्त, उरलेलं पाणी तितकंच खारट राहतं. खरा उपाय म्हणजे वाढवणं, बिनमिठाचं पाणी, टोमॅटो, शिजलेले बीन्स, क्रीम, काहीही घालून प्रमाण वाढवा आणि जास्तीचं फ्रीज करा. थोडंसंच खारट असेल तर लिंबू किंवा चिमूटभर साखर जरा झाकून नेते.

यापेक्षा आधीच सांभाळलेलं बरं. रस्सा आटणार असेल तर सुरुवातीला अळणीच ठेवा, मीठ आटत नाही, पाणी आटतं.

खाली लागलं तर काय करायचं?

हलवायचं नाही! हात मागे घ्या, गॅस बंद करा, वरचं वरचं हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात काढा, तळाला डाव लागू देऊ नका. मी एकदा बारा जणांसाठीचा बीन्सचा रस्सा केला होता, करपल्याचा वास आला आणि घाबरून मी खालपासून ढवळला, खसाखसा, जणू ढवळल्याने करपलेलं परत चांगलं होणार होतं. सगळ्या पातेल्याला जळक्या लाकडाची चव. पाहुण्यांपैकी एकाने "स्मोकी केलंय का" विचारलं आणि मी हो म्हणालो. अजूनही त्याला खरं माहीत नाही.

चीज सॉस फुटतो, दाणेदार होतो.

आच जास्त झाली. चीजमधली प्रोटीन्स जास्त तापली की आवळतात आणि तूप बाहेर फेकतात. बटर आणि मैदा एकास एक परता, दूध थोडं थोडं घालत फेटा, सॉस दाट झाला की गॅस बंद करा आणि मगच किसलेलं चीज, मूठ मूठ. मैद्यातला स्टार्च चीजला धरून ठेवतो. पाकिटातलं तयार किसलेलं चीज टाळा, ते एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, सॉस पिठूळ होतो. पास्ता उकळलेलं पाणी वाटीभर काढून ठेवा, सॉस घट्ट झाला की तेच घाला, साधं पाणी नाही.

मॅश केलेले बटाटे गोंदासारखे चिकट?

मिक्सरमध्ये फिरवले असतील. बटाट्याच्या पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो आणि खळ तयार होते. हाताने कुस्करा, गरम असतानाच, आधी बटर मग कोमट दूध. बटाटा पिठूळ जातीचा घ्या, चिकट मेणचट जातीचा सॅलडला आणि स्ट्यूला ठेवा, तो आकार सोडत नाही. बस, एवढंच आहे त्यात.

काय केलं तरी हॉटेलसारखी चव का येत नाही?

काही गोष्टी सांगतो, ऐकून वाईट वाटेल. ते आपल्यापेक्षा जास्त बटर घालतात आणि जास्त मीठ घालतात, आपण घरी जेवढं घालायला धजावत नाही तेवढं. पाण्याऐवजी स्टॉक वापरतात. शेवटच्या क्षणी लिंबू, व्हिनेगर, ताजी पानं असं काहीतरी टवटवीत पडतं, हे घरी आपण हमखास विसरतो आणि मग जेवण "जड" लागतं. चव घेऊन बघतात, दर टप्प्याला, आपण एकदम ताटातच चव घेतो. ताटं गरम असतात.

आणि अजून एक, याला रेसिपी नाही. तुम्ही दोन तास त्या वासात उभे असता, नाक थकतं, त्याच वासाची सवय होऊन तो जाणवेनासा होतो. म्हणून स्वतःचं जेवण स्वतःला फिकं लागतं आणि बाहेरून आलेला माणूस दारातच "अहाहा" करतो. जेवायला बसण्याआधी पाच मिनिटं बाहेर चक्कर मारून या, मोकळ्या हवेत. खरंच फरक पडतो, करून बघा.

साध्या हॉटेलात गेल्यावर मेनू कार्ड कसं वाचायचं?

मेनू छोटा असेल तर मी खूश होतो. दोनशे पदार्थ असले की समजायचं बरंचसं फ्रीजरमधून येतंय, दोनशे गोष्टींची ताजी तयारी कुठलंही छोटं किचन ठेवू शकत नाही. आजूबाजूच्या टेबलांवर काय दिसतंय ते बघा, तीन टेबलांवर एकच पदार्थ असेल तर तो सारखा खपतोय, म्हणजे ताजा आहे. वाढणाऱ्याला "चांगलं काय आहे" असं विचारू नका, त्याला "सगळंच चांगलं आहे" म्हणण्यावाचून पर्याय नसतो, त्यापेक्षा "तुम्ही स्वतः इथे काय खाता" विचारा. उत्तर द्यायला तो जरा थांबला की समजा खरं सांगणार आहे.

कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगा, "आवडत नाही" आणि "अ‍ॅलर्जी आहे" हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि नावडीला अ‍ॅलर्जी म्हणू नका, किचनला त्यासाठी भांडी वेगळी काढावी लागतात.

आणि शक्य असेल तर आवाज कमी असलेला कोपरा पकडा. मोठ्या गोंगाटात खारट आणि गोड चव कमी जाणवते असं प्रयोगांत दिसलंय, आणि तसंही ओरडून बोलत जेवण्यात कसला आलाय आराम.

एकट्याने बाहेर जेवायला कसंतरी वाटतं.

कोणी बघत नसतं हो. सगळे स्वतःच्या फोनमध्ये असतात. गर्दीची वेळ टाळून थोडं आधी जा, किचन दिसेल अशी जागा मागा, कढई कशी झटकतात ते बघण्यात वेळ छान जातो आणि दोन गोष्टी शिकून पण येता. कांद्याच्या आवाजाबद्दल मी जे वर लिहिलंय ते मला असंच एका काउंटरवर बसून कळलं, आचारी दुसरीकडे तोंड करून बोलत होता आणि आवाज बदलल्याबरोबर न बघता त्याने हात मागे नेऊन कढई हलवली.

जेवण बिघडलेलं आलं तर परत पाठवावं का?

कच्चं राहिलंय, थंड आलंय, मागवलेलं नव्हतंच, तर लगेच आणि शांतपणे सांगा, दोन घास खाऊन, अर्धं संपवून नाही. नुसतंच आवडलं नसेल तर तो आपला निर्णय चुकला, गप खावं. एका ठिकाणी मला सूप कोमट आलं, मी संकोचाने काही बोललो नाही, आणि नंतर घरी येऊन दोन दिवस कुरकुर करत बसलो, त्यापेक्षा तेव्हाच "जरा गरम करून द्याल का" म्हटलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

पार्सल आणलं की फ्राइज मऊ का पडतात?

वाफ. बंद डब्यात स्वतःच्याच वाफेने भिजतात. डबा वाटेत किंचित उघडा ठेवा, घरी आल्यावर ओव्हनमध्ये किंवा कोरड्या गरम तव्यावर पसरा, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको. तरीही पहिल्यासारखे होत नाहीत, खरं म्हणजे फ्राइज तिथेच बसून खायची गोष्ट आहे. पार्सलला रश्श्याचं काहीतरी आणा, ते प्रवासात उलट मुरतं.

स्ट्यू दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, हा भास आहे का?

भास नाही. रात्रभरात मीठ-मसाला बटाट्याच्या, मांसाच्या आतपर्यंत जातो, जिलेटिन आणि स्टार्चमुळे रस्सा अंगासरशी धरतो, कच्चे तिखट वास बसतात. आणि तुमचं नाक ताजं झालेलं असतं, तो पण भाग आहेच. पाहुणे यायचे असतील तर मी आदल्या दिवशीच करतो, वर गोठलेली जास्तीची चरबी सकाळी चमच्याने सहज निघते.

उरलेलं किती वेळ बाहेर राहिलं तर चालतं?

दोन तास. त्याहून जास्त नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, आणि "झाकून ठेवलंय की" याचा उपयोग शून्य. भाताचं तर जास्तच सांभाळा, बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू भात उकळला तरी मरत नाहीत, कोमट भात पडून राहिला की ते जागे होतात आणि जे विष तयार करतात ते परत गरम केल्याने जात नाही.

मोठं पातेलं तसंच उचलून फ्रीजमध्ये ठेवू नका, मधला भाग रात्रभर कोमटच राहतो. माझ्या अंगाशी आलंय हे, पाच लिटरचं पातेलं कौतुकाने अख्खं आत ठेवलं, सकाळी झाकण काढलं तर रश्श्यावर बारीक फेस आणि आंबूस वास, सगळं ओतून द्यावं लागलं, तीन तासांचं काम आणि वर फ्रीजमधलं दूध पण त्या उष्णतेने फाटलं. उथळ डब्यांत वाटून टाका, लवकर निवतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्याच्या पुढे खायचं असेल तर सरळ फ्रीजर, उणे १८ अंशांना. परत गरम करताना मधोमध वाफाळलं पाहिजे, कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं असं नाही, आणि जेवढं खायचं तेवढंच काढून गरम करा.

मी एकटाच राहतो, एवढं मोठं पातेलं कशाला करू?

एकटे राहता म्हणूनच करा! एका दुपारच्या कष्टात सहा जेवणं. फ्रीजरमध्ये एकेका माणसाचे डबे, वर नाव आणि तारीख लिहून, नाहीतर दोन महिन्यांनी सगळे डबे एकसारखे तपकिरी दिसतात आणि सूप म्हणून काढलेलं टोमॅटो सॉस निघतं. बटाटा फ्रीजरमध्ये भुसभुशीत होतो, क्रीम फुटतं, या दोन गोष्टी गरम करताना नव्याने घाला. बीन्स, मांसाचा स्ट्यू, टोमॅटोचा सॉस उत्तम टिकतात.

असं खाल्लं तर वजन वाढणार नाही का?

रोज चीज सॉस खाल्लात तर वाढेल. पण बीन्सचा, भाज्यांचा रस्सा पोटभर खाऊन कोणाचं वाजवीपेक्षा जास्त वाढलेलं मी पाहिलं नाही. डॉक्टरांनी काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, माझं नाही.

कालचा स्ट्यू सकाळी थंडच खाल्ला तर चालतो का?

वेळेत फ्रीजमध्ये गेला असेल तर चालतो. मी खातो, फ्रीजचं दार उघडं ठेवून, उभ्या उभ्या, डब्यातूनच, दोन चमचे म्हणून सुरू करतो आणि मग डब्याचा तळ दिसतो. बाकीच्यांना सांगतो की थोडाच उरला होता.